सतरा वेळा डावीकडे

कवळीबाईनं डूख धरला की धरला. खोटं वाटत असेल तर तिच्या नवऱ्याला विचारा. तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळत असतो, भीती म्हणून ठाऊक नाही. पण लग्नाच्या पहिल्या वर्षी तो एकदा बायकोच्या चहाला पांचट म्हणाला होता. त्याला तेवीस वर्षं झाली. त्या दिवसापासून तो आपला चहा आपणच करून पितो आहे.

आणि हसू नका, बाई वाईट नाही. तिचं कामच तसं आहे. ती खोट्या दातांच्या कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांच्या इमारतीत, मागच्या बाजूच्या खोलीत, खिडकीपाशी एक उंच स्टूल, समोर गॅसची छोटी शेगडी, मेणाच्या गुलाबी पट्ट्या आणि प्लास्टरचे जबडे. मेणात एकेक दात रोवायचा, वरचा जबडा खालच्यावर मिटून बघायचा आणि केसाइतकी फट दिसली तरी तो दात उपटून पुन्हा बसवायचा. एका कवळीपायी दोन-दोन दिवस. इतका दम असलेल्या माणसाशी वैर घेऊ नये, एवढी अक्कल तिच्या बुद्धिबळाच्या संघाच्या कप्तानाला असायला हवी होती. पण अक्कल आणि कप्तान यांची गाठ पडायची होती, ती पडली उशिरा.

बुद्धिबळ तिला बाबांनी शिकवलं. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी वाचनालयाच्या व्हरांड्यात खेळायचे. एकेकाळी त्यांना हरवणारा माणूस त्या भागात नव्हता. मग त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली, उजवं अंग गेलं, वाचाही गेली. उरले दोन शब्द. एक 'पाणी' आणि एक 'पोरी'. कवळीबाईनं त्यांना आपल्या घरी आणलं आणि पुढच्या खोलीत, खिडकीखाली खाट टाकली. कॉम्प्युटरचं टेबलही त्याच खोलीत. आतलं स्वयंपाकघर सोडलं तर दुसरी खोली होतीच कुठे?

आता कप्तानाचा संघ ज्या बुद्धिबळाच्या लीगमध्ये खेळायचा, ती काय भानगड आहे ते सांगायला हवं. इंटरनेटवर खेळायची, पण पोरखेळ नव्हे. करार करून, मानधन देऊन खेळवतात. संघात चार जण, समोर चार जण, प्रत्येकानं समोरच्या चौघांशी एकेक डाव खेळायचा. सोळा डाव, सोळा गुण. डाव पंधरा मिनिटांचा, वर दर खेळीला दोन सेकंद. सगळे आपापल्या घरी बसतात. एक कॅमेरा तोंडावर, दुसरा मागून, म्हणजे हात आणि पडदा दोन्ही दिसतील. खेळायच्या आधी खोली चारी बाजूंनी पंचांना दाखवायची. आणि एक नियम सगळ्यांत मोठा: डाव चालू असताना नजर आपल्या पटावर.

अजून एक नियम होता, आणि सगळं रामायण त्याच्यामुळे घडलं. संघ एकतर्फी होऊ नयेत म्हणून चौघांच्या रेटिंगची, म्हणजे खेळातल्या पातळीच्या गुणांची, सरासरी एका आकड्याच्या वर जाऊ द्यायची नाही. त्यामुळे पहिल्या पटावर बाहेरून ग्रँडमास्टर आणायचा असेल, तर चौथ्या पटावर कमी रेटिंगचं, पण चिवट माणूस लागतं. कप्तानाला असं माणूस हवं होतं. त्याला कवळीबाई सापडली.

कप्तान पाण्याच्या ऑफिसात मीटर विभागाचा साहेब. बोलायला गोड, इतका की समोरच्याला वाटावं आपलाच धाकटा भाऊ. "ताई, तुम्ही चौथ्या पटावर म्हणजे आमची तटबंदी," म्हणायचा. घरी यायचा. खाटेपाशी बसून बाबांचा हात हातात घ्यायचा. "काय बाबा, कसं काय?" बाबा म्हणायचे, "पाणी." कप्तानानं स्वतःच्या हातानं त्यांना पेल्यातून पाणी पाजलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण कवळीबाई ते मेली तरी विसरणार नाही.

झालं काय, की ती सुधारली. बाबांशी बसून जुने डाव लावायची. त्यांना बोलता येत नव्हतं, पण चुकीच्या खेळीला ते डाव्या हातानं गादीवर थाप मारायचे. अर्ध्या मोसमात तिचं रेटिंग दोनशेनं चढलं. कोणाही शहाण्याला आनंद झाला असता. पण दोनशे चढलं म्हणजे संघाची सरासरी मर्यादेच्या वर गेली. आता एक तर ती नको किंवा ग्रँडमास्टर नको. आणि मोसम चालू असताना खेळाडूला काढायचं तर लीगच्या करारात दोनच वाटा होत्या: आजारपण किंवा लबाडी.

बाई तर ठणठणीत होती.

तक्रारीची एक प्रत आरोप असलेल्या माणसाला मिळते. मंगळवारी सकाळी प्लास्टर कालवता कालवता कवळीबाईनं ती फोनवर वाचली. चौथ्या पटावरील खेळाडूची नजर एका डावात अकरा वेळा डावीकडे गेली. डावीकडे तिचे वडील असतात. ते एके काळचे नावाजलेले खेळाडू असून तेच तिला खेळ्या सुचवतात, असा संशय आहे. खाली कप्तानाची सही.

प्लास्टर वाटीत दगड झालं. तिच्या अंगाची आग आग झाली. अकरा वेळा! अरे, बघितलं असेल अकरा वेळा! म्हाताऱ्यानं पाणी मागितलं तर मुलीनं बघू नये? आणि खेळ्या सुचवायला त्याच्याकडे शब्द होते किती, ते कोणाला नाही तरी तुला माहीत होतं ना रे माकडा?

तिनं फोन केला. कप्तानानं उचलला नाही. पुन्हा केला. चौथ्यांदा कोणीतरी सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

लीगनं चौकशी केली. डॉक्टरचा दाखला दिला, तर म्हणाले, बोलता येत नसेल, पण इशारा करता येतोच की. म्हणजे ती गादीवरची थाप, कप्तानानंच घरी येऊन बघितलेली. सरावाच्या वेळची! डाव चालू असताना बाबांनी कधी बोट हलवलं नव्हतं, इतका तो माणूस खेळाचा सच्चा होता. निकाल आला: पुरावा अपुरा, मात्र संशयाला जागा आहे. एक वर्ष बाहेर, आणि यादीत नावापुढे तसा शेरा.

इथपर्यंत कवळीबाईनं एक वेळ गिळलं असतं. पण ती घरात हे सगळं नवऱ्याला सांगताना बाबा ऐकत होते. त्यांची जीभ गेली होती, कान शाबूत होते. त्या दिवसापासून ती कॉम्प्युटरसमोर बसली की बाबा तोंड मिटून घ्यायचे. पाणी नाही, पोरी नाही, काही नाही. ती म्हणायची, "बाबा, अहो मी नुसती बघत बसलेय, डाव नाही चालू, हाक मारा." ते मान दुसरीकडे वळवायचे. एकदा ती तासाभरानं उठली, तर पेला जमिनीवर, चादर ओली, आणि बाबांचा डावा हात खाटेबाहेर लोंबत होता. आपल्या आपण पाणी घ्यायला गेले होते. ओठ कोरडे पडले होते.

चार महिन्यांनी ते गेले. छाती भरली होती, डॉक्टर म्हणाले वयच होतं. कप्तानानं मारलं असं ती म्हणत नाही, तेवढी ती न्यायानं वागते. पण त्या चार महिन्यांत तिच्या बापानं तिला एकदाही हाक मारली नाही. तिनं नवऱ्याला सांगितलं, "मी त्याला सोडणार नाही." नवरा आपला चहा ठेवायला आत गेला.

वर्ष संपलं. शेरा असलेल्या बाईला कोण घेणार? घेतलं ते लीगमधल्या सगळ्यांत रडक्या संघानं. त्याचा कप्तान एक बेकरीवाला, अंगाला कायम पिठाचा वास. दुसऱ्या पटावर एक नर्स, तिसऱ्यावर कॉलेजातले गणिताचे सर. बेकरीवाला म्हणाला, "बाई, आमच्याकडे बघून कोणी आमच्यावर संशय घेत नाही. इतके आम्ही हरतो. या तुम्ही." ती गेली. आता तिचं रेटिंग चढलं तरी कोणाच्या पोटात दुखत नव्हतं, कारण बाकीच्यांचं रोज उतरतच होतं.

आणि दिवसभर कवळ्या करून आल्यावर ती एकच अभ्यास करायची. कप्तानाचे डाव. सहाशे बारा डाव तिनं उतरवून घेतले. लीगच्या नोंदीत प्रत्येक खेळीला किती वेळ लागला तेही असतं. ती खेळ्या कमी बघायची, वेळ जास्त. नवरा एकदा म्हणाला, "अगं, दुसऱ्या कोणाचे तरी बघ, निदान चव बदल म्हणून." तिनं नुसतं वळून बघितलं. तो बिचारा तसाच मागे फिरला.

तीनशेव्या डावाच्या आसपास तिला फट सापडली. ऑनलाइन खेळात एक सोय असते: समोरच्यानं खेळायच्या आधीच आपली पुढची खेळी टाकून ठेवायची. त्यानं खेळलं की आपली आपोआप पडते, सेकंदाचा दहावा भागही जात नाही. कप्तान ही सोय कधी वापरायचा? वेळ कमी असताना सगळेच वापरतात. पण हा गडी डाव बरोबरीचा दिसायला लागला की वापरायचा, घड्याळात वेळ असला तरी. का? तिनं त्या सामन्यांची चित्रणं काढून बघितली. स्वतःचा डाव सुरक्षित झाला की कप्तानसाहेबांचे डोळे डावीकडे. तिथे, कप्तानांना संघाचे गुण बघायला म्हणून ठेवू देतात त्या दुसऱ्या पडद्यावर, त्यांच्या ग्रँडमास्टरचा डाव दिसायचा. डाव चालू असताना दुसरा पट बघायची सक्त मनाई, पण सवय! हाताखालच्या माणसाच्या खांद्यावरून डोकावल्याशिवाय साहेबाला चैन कसं पडणार? आणि खुद्द कप्तानाविरुद्ध तक्रार करणार तरी कोण?

कवळीबाईनं कोणाला काही सांगितलं नाही. बेकरीवाल्यालाही नाही.

मोसमाचा शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. योग असा, की तळाच्या दोन संघांत, आणि ते दोन संघ म्हणजे हेच दोन. कप्तानाचा संघही घसरला होता. ग्रँडमास्टरला पोसून चौथा पट लंगडा पडला होता. जो हरेल त्याचा लीगमधून गाशा गुंडाळला जाणार. गुण सारखे झाले तर कप्तानाचा संघ वाचणार, कारण मोसमात त्यांनी एक सामना जास्त जिंकला होता.

चौदा डाव संपले तेव्हा सात-सात. दोन उरले. नर्स ग्रँडमास्टरशी झुंजत होती आणि कवळीबाई कप्तानाशी. तिला एक प्यादं जास्त होतं, दोघांकडे एकेक हत्ती, पण अशा शेवटात कप्तानाला फक्त आपला हत्ती दोन घरांत इकडून तिकडे, तिकडून इकडे करत राहायचं होतं. डाव बरोबरीतच जाणार हे कोणीही सांगितलं असतं. समालोचन करणाऱ्यांनी तर कधीच सांगून टाकलं होतं आणि ते नर्सच्या डावाकडे वळले होते. तिथे नवल घडत होतं. नर्स हरायला तयार नव्हती.

कवळीबाईनं आधी कप्तानाचं घड्याळ बघितलं. तिनं खेळी केली, आणि कप्तानाचा हत्ती त्याच क्षणी सरकला. दहावा भागही गेला नाही. तिनं पुन्हा खेळी केली. पुन्हा तेच. म्हणजे हात सवयीनं पुढची खेळी टाकत होता, तो आता पटाकडे बघत नव्हता. त्याचे डोळे नर्सच्या पटावर होते.

तीच स्थिती तीनदा आली की डाव आपोआप बरोबरीत सुटतो. म्हणून ती दर वेळी राजा वेगळ्या घरात ठेवत गेली. एक घर पुढे, एक घर बाजूला, पुन्हा एक पुढे. जेवण झाल्यावर शतपावली करणाऱ्या माणसासारखा राजा आरामात चालला होता. कप्तानाचा हत्ती डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. त्यानं एकदा जरी पटाकडे बघितलं असतं, तरी शेंबड्या पोराला दिसावं असं ते होतं. माऊस निसटू नये म्हणून तिनं तळवा पदराला पुसला.

हत्ती उजवीकडे गेला. तिनं राजा उचलला आणि डावीकडच्या त्या घराला खेटून ठेवला.

हत्ती आपोआप डावीकडे आला. थेट तिच्या राजाच्या तोंडात, आणि त्याच्या पाठीशी कोणी नाही.

तिनं तो खाल्ला. समालोचक ओरडला. कप्तानाचं तोंड पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होतं. त्यानं मान वळवली, पट बघितला, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. कवळीबाई पोटभर हसली. एकटीच, मोठ्यानं, कॅमेऱ्यासमोर. चार खेळ्यांनी त्यानं डाव सोडला. नर्सनं बरोबरी साधली. साडेआठ विरुद्ध साडेसात. बेकरीवाला फोनवर रडत काहीतरी म्हणत होता, तिला एक अक्षर कळलं नाही.

कोणालाही वाटेल, झालं, दात घशात घातले, आता बाईनं शांत व्हावं. पण तक्रार करायची मुदत सामन्यानंतर चोवीस तासांची असते. म्हणजे सोमवारी दुपारी चारपर्यंत. तिनं चित्रण लावलं आणि मोजलं. सतरा वेळा डावीकडे.

सोमवारी सकाळी ती मेणात दात रोवत होती, तेव्हा फोन वाजला. समालोचकानं आदल्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं होतं, कप्तान बघत कुठे होते बुवा? त्यामुळे कप्तानाची झोप उडाली होती. संघ तर गेलाच होता. पण दुसऱ्या एका मोठ्या संघानं त्याला कप्तानपद देऊ केलं होतं, आणि शेरा लागला तर तेही जाणार.

"ताई," तो म्हणाला. "अभिनंदन करायला फोन केला."

"केलंत. अजून काही?"

"तुम्ही तक्रार करणार आहात का?"

"चारपर्यंत वेळ आहे."

"ताई, मी मदत घेत नव्हतो. आमच्या माणसाचा डाव बघत होतो फक्त. तुम्हाला माहीत आहे ते."

"माहीत आहे," कवळीबाई म्हणाली. "तुम्हालाही माहीत होतं."

मग तो म्हणाला, "सरासरीचा प्रश्न होता हो. माझ्यावरही दडपण होतं. तुम्ही सांगाल ते करतो."

तिनं हातातली कवळी खाली ठेवली. "तेव्हा जे खोटं लिहिलंत, ते खोटं होतं असं लीगला लिहून द्या. दोनच्या आत. मग मी बघते."

"आणि मग तुम्ही पाठवणार नाही ना?"

"तुम्ही काय लिहिता ते बघते, म्हटलं ना."

दोनला दहा कमी असताना पत्राची प्रत आली. ती लगेच उघडायचं धाडस तिला झालं नाही. आधी हात धुतले, नखांतलं प्लास्टर काढलं, स्टुलावर नीट बसली. नवरा त्या दिवशी त्याच इमारतीच्या लिफ्टला तेल द्यायला आला होता. तो दारात येऊन उभा राहिला.

पत्र छान होतं. कप्तानाची भाषा नेहमीच छान. सदर खेळाडूंनी कोणतीही मदत घेतली नव्हती. माझी तक्रार गैरसमजातून झाली होती. त्यांना झालेल्या मनस्तापाबद्दल मी त्यांची मनापासून माफी मागतो. त्यांच्या नावापुढचा शेरा काढावा ही विनंती.

तिनं ते पुन्हा मोठ्यानं वाचलं, आणि नंतर एकेक ओळ बोटानं धरून वाचलं. बोट शेवटपर्यंत गेलं आणि पुन्हा वर आलं. मग तिनं तक्रारीचा अर्ज उघडला. सतरा वेळा, डाव्या बाजूला, वेळेसकट. 'आपले मत' असा एक रकाना होता. तिथे तिनं लिहिलं, संशयाला जागा आहे.

"अगं," नवरा म्हणाला, "लिहून दिलंय ना त्यानं? माफीही मागितली."

"माझी मागितली," कवळीबाई म्हणाली. "बाबांचं त्यात नावसुद्धा नाही."

आणि तिनं अर्ज पाठवून दिला.